‘छळाचं यंत्र माझ्या भाचीला कशाला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाने लिहिलेली आहे, तेव्हा उत्तरही ऐसपैस देते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंची भाची कॉलेजात इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकात नायिका नोरा करतेय. कॉर्सेट, म्हणजे जुन्या युरोपी गाऊनखाली नाडीने आवळून बांधायची, काड्या भरलेली बंडी. तो कसा निवडावा यावरचा माझा लेख वाचून ताईंनी ऑनलाइन एक मागवला. अर्ध्या तासात पोरीला धाप लागली, बरगड्यांवर वळ उठले. ताईंचे आक्षेप तीन: बायकांच्या बरगड्या कापून त्यांना अठरा इंची कंबर देणाऱ्या या यंत्राचं मी कौतुक करते, साध्या ब्रावर गाऊन चढवला तर प्रेक्षकांना काय कळणार आहे, आणि आनंदीबाई जोशी लुगड्यात अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या, मग आपल्या मुलींनी हे असलं का आवळून घ्यावं?

आधी भाचीचं बघू. तुम्ही टाकलेला पाठमोरा फोटो पाहिला. नाडी वरच्या बाजूला चार बोटं फाकलेली आणि खाली दोन्ही कडा एकमेकींना भिडलेल्या. म्हणजे तो कॉर्सेट तिच्या बरगड्यांना घट्ट होतोय आणि कुल्ल्यांवर सैल पडतोय. वळ नेमके कुठे उठले असतील हे फोटोवरूनच सांगता येतं. नीट बसलेल्या कॉर्सेटच्या मागच्या दोन कडा वरपासून खालपर्यंत समांतर राहतात आणि मध्ये दोनेक इंचांची फट असते. तुमच्या वस्तूवर ‘मीडियम’ असं माप छापलंय. कॉर्सेट स्मॉल-मीडियममध्ये मिळत असेल तर तो कॉर्सेट नव्हे, पार्टीला घालायचा टॉप आहे. वरून साटीन, आत प्लॅस्टिकच्या पातळ काड्या. अंगाच्या उष्णतेने त्या कमरेशी वाकतात आणि वाकल्या की तिथेच रुततात. त्यात तुम्ही तो पहिल्याच दिवशी एका दमात पूर्ण आवळलात. नवा कॉर्सेट मुरवावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस तासभर, सैलसर घालायचा, म्हणजे काड्या आणि कापड त्या अंगाचा आकार घेतात.

आता ब्राचा मुद्दा. प्रेक्षकांना कळतं, ताई. तो कॉर्सेट आहे की ब्रा हे कळत नसेल, पण काहीतरी बिनसलंय हे शेवटच्या रांगेतूनही दिसतं. त्या काळची बॉडिस, म्हणजे पोशाखाचा वरचा, धडावरचा भाग, कॉर्सेट घातलेल्या अंगावरच बेतलेली असायची. खालचा आधार काढला की कमरेशी आडव्या चुण्या पडतात आणि पुढची बटणं ओढली जातात. शिवाय घागरा, त्याखाली दोन परकर, या सगळ्याचे बंद कमरेलाच बांधतात. ते वजन नुसत्या कातडीवर आलं तर तासाभरात बंद काचू लागतात. ट्रेकच्या सॅकला कमरपट्टा असतो, तसं काम इथे कॉर्सेट करतो, भार पसरवून देतो. मी नाटकांचे कपडे शिवते. तालमीत ‘कॉर्सेट नको’ म्हणणाऱ्या मुली घागरा चढला की स्वतःहून मागतात, हे मी पाहत आलेय.

पण कुठला कॉर्सेट, हा खरा प्रश्न, आणि माझ्या लेखावर रागवायचंच असेल तर एवढ्यावर रागवा की त्यात काळाचा मुद्दा चार ओळींत उरकलाय. ‘जुना पोशाख’ असा एक पोशाख नसतो. अठराव्या शतकातले ‘स्टेज’ (stays, कॉर्सेटचा जुना अवतार) धड शंकूसारखं सपाट करायचे, कमरेला फारसं दाबायचेच नाहीत. १८१०च्या आसपासच्या उंच कमरेच्या गाऊनखाली असायचे ते दोऱ्या भरलेले मऊ स्टेज, पुढे मधोमध एक लाकडी पट्टी. त्यांचं काम छाती उचलून धरणं एवढंच. त्या पोशाखाखाली कमर आवळणारा कॉर्सेट घालणं म्हणजे पैसे वाया. १९००नंतर पुढून सरळ, छाती पुढे आणि कुल्ले मागे काढणारा कॉर्सेट आला. १९४७मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर डिओरने बारीक कंबर परत आणली, पण त्या फ्रॉकखाली इलॅस्टिकचा वीतभर रुंदीचा कमरपट्टा पुरतो.

नोरा १८७९ची. तेव्हा घागऱ्याचा मागचा फुगारा ओसरला होता, घागरा अंगासरशी निमुळता झाला होता आणि बॉडिस कुल्ल्यांवरून खाली उतरत होती. म्हणून कॉर्सेटही लांब हवा, आणि पुढे स्पून बस्क, म्हणजे हुकांची अशी धातूची पट्टी जी पोटाशी रुंद होऊन आतल्या बाजूला वळते. जुन्या कॉर्सेटांत देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या पट्ट्या असत. आज स्प्रिंगसारख्या वळवलेल्या स्टीलच्या पट्ट्या मिळतात. त्या दोन्ही दिशांना वाकतात. हे महत्त्वाचं, कारण दुसऱ्या अंकात नोराला टारंटेला नाचायचंय.

बरगड्या कापण्याची गोष्ट मात्र सोडून द्या. ईथरची भूल १८४६मध्ये आली, शस्त्रक्रियेची लिस्टर या सर्जनची जंतुनाशक पद्धत १८६७मध्ये. त्या काळात पोट-छातीला सुरी लावणं म्हणजे जिवाशी खेळ, तो कंबरेच्या हौसेसाठी कोण करणार? अशा शस्त्रक्रियेचा विश्वासार्ह पुरावा नाही. अठरा इंचांचंही तसंच. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या संग्रहालयात सिमिंग्टन या कारखान्याचे जुने कॉर्सेट जपलेत. व्हॅलरी स्टील या फॅशनच्या इतिहासकारांनी दिलेल्या आकड्यांनुसार १९७ कॉर्सेटांपैकी अठरा इंची एकच, एकोणीस इंची अकरा, बाकी बहुतेक वीस ते सव्वीसच्या दरम्यान. हे माप कडा पूर्ण मिटल्यावरचं. अंगावर असताना मागे फट राहायची, म्हणजे खरी कंबर त्याहून मोठी. कंबर लहान दिसायची ती वर-खाली पॅड आणि फुगारे असल्यामुळे. फोटोग्राफर काचेवर खरडून ती आणखी बारीक करायचे. सिमिंग्टनचाच ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचा स्वस्त, टिकाऊ कॉर्सेट १८९०च्या सुमारास मोलकरणींसाठी विकला जायचा. दिवसभर बादल्या उचलणारी बाई श्वास कोंडेल असं आवळून कशी राबेल?

याचा अर्थ सगळं गोडगोड होतं असं मी म्हणत नाही. अति आवळणाऱ्या बायका होत्याच. कॉर्सेटमध्ये पोटातून श्वास नीट घेता येत नाही, तो वर छातीत घ्यावा लागतो, हेही खरं. इंटरनेटवर फिरणारी कॉर्सेटमधल्या बरगड्यांची क्ष-किरण चित्रं पॅरिसच्या लुडोविक ओ’फॉलोवेल या डॉक्टरने १९०८मध्ये छापली. गंमत अशी की कॉर्सेट बंद करा असं त्याचं म्हणणं नव्हतं, तो कमी जाचक घडणीचा आग्रह धरत होता. आणि सक्तीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. कॉर्सेटशिवाय घराबाहेर पडलेली बाई सैल चालीची ठरायची, लहान मुलींनाही दोऱ्या भरलेल्या बंड्या घालत. १८८१मध्ये लंडनमध्ये सोयीच्या पोशाखासाठी झगडणाऱ्या बायकांची रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली, आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांवर जाऊ नये अशी मागणी तिने केली. माझा कल त्या बायकांकडेच आहे. रोजच्या वापरासाठी, कंबर ‘घडवायला’ कॉर्सेट मागणाऱ्या मुलींना मी परत पाठवते.

आनंदीबाईंचा दाखला मला आवडला. अमेरिकेतल्या त्यांच्या मेडिकल कॉलेजातल्या तिघींचा १८८५चा तो फोटो आठवा: जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबूली त्यांच्या पोशाखात, आणि आनंदीबाई साडीत. पण त्यांनीही तिथल्या थंडीत नऊवारी बाजूला ठेवून गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली होती. म्हणजे काय घालायचं ते त्यांनी ठरवलं आणि सोयीने बदललंही. तुमच्या भाचीला तर दोन-अडीच तासच हा पोशाख घालायचाय. नोराला नऊवारी नेसवून नाटक बसवणार असाल तर जरूर बसवा, मला ते बघायला आवडेल. पण वरून १८७९ आणि आतून आजचं, असं अर्धवट मात्र करू नका.

आता कामाचं. तिची मापं पाठवा: छाती, छातीखालचा घेर, कंबर, कुल्ले, आणि खुर्चीत बसल्यावर छातीखालून मांडीपर्यंतची उंची. शेवटचं माप सगळे विसरतात, आणि मग बसलं की खालची कड मांडीत घुसते. मापं जेवणानंतर घ्या. कंबरेत दोन इंचांहून जास्त कमी करणार नाही, नाच आहे म्हणून तर नाहीच. तिला दमा, हर्निया किंवा पित्ताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आत सुती शेमीज, म्हणजे सैल आतला झगा, हवाच, घाम तिथे जिरतो, कारण कॉर्सेट धुता येत नाही. रात्री वाऱ्यावर पसरून ठेवायचा, नाहीतर आपल्या दमट हवेत स्टील गंजतं. बूट आधी घालायचे, नंतर वाकता येत नाही. काढताना नाडी पूर्ण सैल करूनच हुक सोडायचे, नाहीतर बस्क तुटतो. तिसऱ्या अंकात नोरा नाचाचा वेश उतरवून रोजचे कपडे घालून येते, तिथे कॉर्सेट बदलायची गरज नाही, वरचे कपडेच बदला. तालमीला तीन आठवडे तरी बाकी असतील तर जमेल.