लेव गेला, पण बल्गेरियाच्या हातून नेमकं काय गेलं?

१ जानेवारी २०२६ ला बल्गेरियाने आपलं चलन लेव सोडून युरो घेतला. युरो वापरणारा तो २१ वा देश. लगेच ‘चलन गेलं म्हणजे सार्वभौमत्व गेलं’ अशी ओरड सुरू झाली. बल्गेरियापुरतं तरी हे साफ चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून प्रत्येक छोट्या देशाने सामायिक चलन घ्यावं, असं मात्र नाही.

१९९६-९७ मध्ये बल्गेरियात बँका बुडाल्या, महागाई हाताबाहेर गेली आणि जुलै १९९७ मध्ये करन्सी बोर्ड आलं. म्हणजे चलनात जेवढे लेव, तेवढ्या किमतीची परकीय गंगाजळी मध्यवर्ती बँकेकडे असलीच पाहिजे आणि दर कायद्याने बांधलेला. आधी जर्मन मार्कशी, मग युरोशी: १ युरो म्हणजे १.९५५८३ लेव. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं राजधानी सोफियाला ना अवमूल्यन करता येत होतं, ना नोटा छापून सरकारची तूट भरता येत होती. व्याजदर फ्रँकफर्टमध्ये (तिथेच युरोपीय मध्यवर्ती बँकेचं मुख्यालय आहे) ठरायचे आणि बल्गेरिया निमूटपणे त्यांच्यामागे जायचा. जे हातात नव्हतंच, ते जाणार कसं? उलट आता युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या परिषदेत त्याला खुर्ची मिळाली. मतदान आळीपाळीने होतं (पाच मोठ्या देशांत मिळून ४ मतं, उरलेल्या १६ देशांत ११), पण चर्चेला बसायला कुणी अडवत नाही.

सामान्य माणसाची भीती वेगळीच असते: दुकानदार भाव वाढवणार. ती अगदीच खोटी नाही. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या तेव्हा एकूण महागाईत साधारण ०.१ ते ०.३ टक्क्यांची भर पडली, असा युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता. सरासरी छोटी दिसते, पण रोजच्या कॉफीचा किंवा केस कापायचा दर वाढला की तोच डोक्यात बसतो. म्हणून नियम कडक आहेत. लेव-युरोचा दर सहा अंकी, त्यातला एकही अंक गाळायचा नाही. आधी भागाकार करायचा आणि रक्कम शेवटी सेंटपर्यंत पूर्णांकात आणायची. उलटा दर काढून गुणायलाही मनाई आहे. का, ते बघा. १०,००० लेवची ठेव १.९५५८३ ने भागली तर ५,११२.९२ युरो होतात. तीच ०.५१ ने गुणली तर ५,१००. खातेदाराचे जवळपास १३ युरो हवेत गेले! ऑगस्ट २०२५ पासून पूर्ण वर्षभर दोन्ही चलनांत किंमत लावायची सक्ती केली, तीही याचसाठी.

खरा पेच आहे तो चलन खुलं, तरंगतं ठेवणाऱ्या, म्हणजे त्याचा दर बाजाराला ठरवू देणाऱ्या देशांपुढे. त्यांनी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासावी: लोकांची कर्जं कोणत्या चलनात आहेत? २००८-०९ मध्ये लाटव्हियाने अवमूल्यन नाकारलं, कारण तिथली बहुतेक कर्जं युरोत होती. लाटव्हियाचं चलन लॅट्स पडलं असतं तर पगार लॅट्समध्ये आणि हप्ता युरोत, अशी घराघरात कोंडी झाली असती. त्याऐवजी पगार कापले गेले, २००९ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे १४ टक्क्यांनी आक्रसली आणि असंख्य तरुण देश सोडून गेले. त्याच संकटात आइसलँडचं चलन क्रोना मात्र पडलं, निम्म्यावर आलं. निर्यात सावरली, पण महागाईशी जोडलेली गृहकर्जं फुगली आणि पैसा देशाबाहेर नेण्यावरची बंधनं २०१७ पर्यंत राहिली. वेदना दोन्हीकडे होती, फक्त ती कुणाच्या वाट्याला आली ते वेगळं.

व्याजदराचं दुखणं तर सामायिक चलनात कायमचं. २०२२ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या तिन्ही देशांत महागाई २० टक्क्यांच्या वर गेली होती. फ्रँकफर्टने ११ वर्षांतली पहिली दरवाढ केली ती जुलैमध्ये, अर्ध्या टक्क्याची. या तिघांचं वजन सरासरीत इतकं कमी, की त्यांच्यासाठी दर हलणं शक्यच नव्हतं. हे मान्य नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आणि बँका. सायप्रसने २००८ मध्ये युरो घेतला तेव्हा त्याच्या बँका अर्थव्यवस्थेच्या कितीतरी पट मोठ्या होत्या, पुढे त्या ग्रीक रोख्यांतही अडकल्या. मार्च २०१३ मध्ये फ्रँकफर्टने या बँकांना मिळणारी आपत्कालीन रोकड थांबवण्याची मुदतच दिली. बँका जवळपास दोन आठवडे बंद राहिल्या आणि बँक ऑफ सायप्रसमधल्या मोठ्या खातेदारांच्या १ लाख युरोवरच्या रकमेपैकी ४७.५ टक्के रकमेचे शेअर झाले. स्वतःचं चलन असतं तर नोटा छापता आल्या असत्या. ठेवी कागदावर वाचल्या असत्या आणि महागाईत झिजल्या असत्या. यावर उपाय चलन घेण्याच्या आधीच करावा लागतो. बल्गेरिया ऑक्टोबर २०२० मध्येच बँकिंग युनियनमध्ये गेला, म्हणजे युरो हातात येण्याच्या सव्वापाच वर्षं आधी त्याच्या मोठ्या बँकांवर फ्रँकफर्टची थेट देखरेख सुरू झाली होती. पुढे जो देश रांगेत उभा राहील, त्याच्याकडून त्याच्या नागरिकांनी हाच क्रम मागून घ्यावा: आधी बँका, मग नोटा.