ओ की शून्य?

आपल्या मोटारीचा चेसिस क्रमांक, म्हणजे गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, आपण आजवर एकदाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नसेल, तर आपण सुखी आहात आणि हे सुख टिकवायचे असल्यास पुढे वाचू नये. परंतु उच्च सुरक्षा नंबरप्लेटची नोंदणी करताना हा क्रमांक टाकल्यावर ‘तपशील जुळत नाहीत’ असे संगणकाने आपल्यालाही लागोपाठ तीन रात्री सुनावले असेल, तर नुकत्याच सोसलेल्या अनुभवातून निघालेल्या या सूचना आपल्या उपयोगी पडतील.

पहिली सूचना अशी, की हा क्रमांक गाडीवर शोधू नये. आरसी कार्ड खिशात असताना गाडी पाहण्याचे कारणच काय? तरीही हौस असेल, तर काही गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला सापडतो, काहींत दरवाजाच्या खांबावरील पट्टीवर छापलेला असतो, काहींत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसतो आणि माझ्यासारख्या भाग्यवंताच्या गाडीत तो चालकाशेजारच्या सीटखाली, कार्पेट कापून केलेल्या झडपेआड लपलेला असतो. सीट शेवटपर्यंत मागे सारावी, गुडघे रस्त्यावर टेकावेत, मोबाइलचा टॉर्च दातांत धरावा आणि मान गाडीत घालावी. दोन नाणी, पार्किंगची एक विटलेली पावती आणि बडीशेपेची पुडी हाती लागल्यानंतर क्रमांकही हाती लागतो.

त्याचा अर्थ समजून घेण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये, कारण तो समजला की मनस्ताप दुप्पट होतो. क्रमांकाला सतरा घरे असतात. पहिली तीन निर्मात्याची ओळख सांगतात; ‘एमएटी’ दिसले की टाटा मोटर्स, ‘एमएएल’ दिसले की ह्युंदाई आणि ‘एमए३’ दिसले की मारुती सुझुकी. मधल्या घरांत मॉडेल, इंजिन वगैरेंचा तपशील असतो आणि शेवटी गाडीचा अनुक्रमांक येतो. दहावे घर बहुतेक कंपन्या वर्षासाठी राखतात: ‘एच’ म्हणजे २०१७, ‘जे’ म्हणजे २०१८, ‘एन’ म्हणजे २०२२, ‘पी’ म्हणजे २०२३ आणि ‘आर’ म्हणजे २०२४. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल की एच आणि जे यांच्यामधला आय, एन आणि पी यांच्यामधला ओ आणि पी आणि आर यांच्यामधला क्यू येथे बेपत्ता आहेत. ही तीन अक्षरे सतरापैकी कोणत्याही घरात वापरायचीच नाहीत, असा जगभरचा नियम आहे, कारण आय हा एकासारखा दिसतो आणि ओ व क्यू हे शून्यासारखे दिसतात. माणसाचा गोंधळ होणार, हे कोणीतरी आधीच ओळखून दार बंद करून ठेवले होते.

जानेवारीत नवी गाडी घेताना दहाव्या घराकडे पाहू नये. विक्रेत्याला वाईट वाटते.

यानंतरची सूचना सर्वांत महत्त्वाची. कार्डावरचा क्रमांक टाकूनही संगणक नकार देत असेल, तर शून्याच्या जागी ओ टाकून पाहावा. मी चौथ्या रात्री तसे केले आणि संगणक तत्क्षणी प्रसन्न झाला. कार्डावरच्या छपाईत ओ आणि शून्य हे जुळे भाऊ असल्यामुळे इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. म्हणजे जे अक्षर जगातल्या कोणत्याही कारखान्यात या सतरा घरांत कोरले जात नाही, ते सरकारी नोंदीत माझ्या गाडीच्या नावावर सुखाने नांदत होते! आता आपण म्हणाल, जुळले ना, मग प्लेट घ्या आणि गप्प बसा. बसलो असतो. परंतु विमा कंपनीने तोच ओ पॉलिसीत उतरवून घेतला आहे आणि उद्या अपघात झाला, की सर्व्हेअर पॉलिसीपाशी थांबत नाही, तो गाडीवरचा क्रमांक पाहतो. गाडी विकायला काढली, तर घेणाराही तेथेच वाकून पाहील आणि कोरलेला क्रमांक नोंदीशी जुळला नाही, की प्रामाणिक माणसाची गाडी चोरीची ठरायला वेळ लागत नाही.

तेव्हा दुरुस्तीसाठी आरटीओ कार्यालयात जावे. जाताना पेन्सिल ठसा न्यावा. कोरलेल्या क्रमांकावर मऊ पेन्सिल आडवी घासावी, वर सेलोटेप घट्ट दाबावी आणि हलकेच उचलून कागदावर चिकटवावी. करड्या पट्टीत सतराही अक्षरे स्वच्छ उमटतात. माझ्या ठशात शून्य इतके ठळक उमटले होते, की मला त्याचा अभिमान वाटला. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी तो पाहिला आणि पडद्याकडे बोट केले.

“इथे ओ आहे.”

“अहो, चेसिस नंबरात ओ कधीच नसतो.”

“मग गाडीवर चुकीचं कोरलं असेल.”

पुढची सूचना अशी होती, की अशा वेळी शांत राहावे, प्रतिज्ञापत्र करावे, झेरॉक्स काढाव्यात आणि पुढच्या सोमवारी यावे. मी आलो. साहेब रजेवर होते. त्याच्या पुढच्या सोमवारी ‘सर्व्हर’ रजेवर होता.

पण शांत का राहावे? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२२ वा नियम हा क्रमांक गाडीवरच कोरायला लावतो. मूळ तेथे आहे. तुमच्या संगणकात आहे ती नक्कल, आणि ती तुम्ही चुकीची उतरवली आहे. जुन्या गाड्यांचे क्रमांक सतरा घरांचे नसत, हे मान्य. परंतु सतरा घरांच्या क्रमांकात आय, ओ किंवा क्यू आला तर तो स्वीकारू नये, एवढी एक ओळ त्या प्रणालीत घालणे कोणाला का सुचू नये? नोंद करणाऱ्याची चूक, तपासणाऱ्याची चूक आणि ‘माझी गाडी माझीच आहे’ अशी शपथ मात्र मी घ्यायची! आणि आपणही कमी नाही. कार्ड टपालाने आले की त्यावरचे एक अक्षरही गाडीशी ताडून न पाहता ते पाकिटात सरकवतो, मीही तेच केले. माझा निष्काळजीपणा मी कबूल करतो. तुम्ही तुमचा करा, तो ओ काढा, आणि तोवर प्लेट का नाही म्हणून चौकात मला अडवून दंडाची पावती फाडू नका.