बी कपाट

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आमच्या मावस-चुलतांच्या ग्रुपवर कुणाला तरी उमाळा येतोच. यंदा तो दादाला आला. दादा म्हणजे माझा थोरला मावसभाऊ. त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने एक इंग्रजी कादंबरी मागितली होती. डायरीसारखा मजकूर, पानोपानी रेघोट्यांची चित्रं, त्या जातीतली. दादाने ती घेऊन दिली नाहीच, वर ग्रुपवर यादी टाकली: ‘श्यामची आई’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’. खाली एक ओळ: ‘आम्ही सहावीत मृत्युंजय संपवली होती. हल्लीच्या पोरांना पोरकट कादंबऱ्या लागतात.’ त्याखाली अकरा अंगठे.

मी हे नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या लायब्ररीच्या जिन्यात उभी राहून वाचलं. बुधवार होता, म्हणजे शाळा दुपारीच सुटलेली. किंडरबूकेनवेक, म्हणजे इथला बालपुस्तकांचा सप्ताह, नुकता संपला होता, त्याची पोस्टरं अजून लोंबत होती. माझी लेक वर ‘बी’च्या फळ्यांपाशी जमिनीवर फतकल मारून बसली होती, ओला रेनकोट अंगावर तसाच. तिच्या आजूबाजूला तिच्याच वयाची आणखी चार-पाच पोरं. कुणी कुणाला उठवत नव्हतं.

कण्यावर ‘बी’ चिकटवलेलं पुस्तक म्हणजे नऊ ते बारा. ‘ए’ त्याआधीचं, ‘सी’ त्यानंतरचं. इतकी वर्षं त्या अक्षरात मला काही विशेष वाटलं नव्हतं. दादाचा मेसेज वाचला आणि पहिल्यांदा त्या फळ्या नजरेने मोजाव्याशा वाटल्या. अख्खी भिंत होती.

आता ‘सहावीत मृत्युंजय’बद्दल. हे वाक्य मीही आजवर निदान पन्नासदा टाकलं असेल. लग्नाआधी नवऱ्यावर छाप पाडायलासुद्धा. खरं काय ते सांगते. मृत्युंजयचे भाग नऊ. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे एकेक जण बोलतात. मी सहावीत कर्णाचे तेवढे वाचले, दुर्योधनाचा चाळला, आणि कुंती-वृषालीची पानं सरळ उलटली, कारण त्या बायकांचं दुःख मला अकराव्या वर्षी कळत नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं. कवचकुंडलांपाशी मात्र रडले. एवढ्यावर मी ‘संपवली’ म्हणते. दादाने कुंती वाचली असेल, यावर माझा विश्वास नाही.

आणि ती हातात आली तरी कशी? आमच्या गावच्या ग्रंथालयात मुलांसाठी एकच कपाट होतं, काचेचं, कुलूपबंद. किल्ली शिपाईकाकांकडे, आणि काका पाचला घरी जायचे. आमची शाळा सुटायची साडेपाचला. कधी कपाट उघडं मिळालंच तर ग्रंथपालबाई एकच पुस्तक हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘आधी हे संपव.’ मोठ्यांची कपाटं मात्र उघडी असायची. मी मृत्युंजयपर्यंत पोचले ती अशी. आमच्या पिढीची ही मोठी उडी म्हणजे पुष्कळदा मधली पायरीच नसल्याचा परिणाम होता. त्या पडझडीला आम्ही आता पराक्रम म्हणतो. पडलेले किती, ते कुणी मोजलं नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी चांदोबानंतर एकदम वर्तमानपत्रच हातात घेतलं, तेही क्रिकेटच्या पानापुरतं.

महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, सरकारी अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालयं आहेत. इतक्या जुन्या वाचनपरंपरेत नऊ ते बारा या वयाला धड नावही नसावं? ‘बालसाहित्य’ म्हटलं की ससा आणि कासव, ‘कुमार’ म्हटलं की चरित्रं आणि संस्कार. मधलं पोर कुठे बसवायचं, हे कपाटालाही कळत नाही.

त्या वयाला नेमकं काय लागतं, ते मी आता रोज बघते. वाचनाचा वेग आलेला असतो, दोनशे पानांची धास्ती वाटत नाही. प्रेमप्रकरणात रस नसतो, राजकारणात त्याहून नसतो. पण अन्याय मात्र भयंकर कळतो. ‘हे फेअर नाही’ हे वाक्य आमच्या घरात दिवसातून सात वेळा होतं. गोष्टीतलं पोर आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठं हवं, आईबाप बाजूला सरलेले हवेत (मेलेले, प्रवासाला गेलेले किंवा नुसते कामात), आणि निर्णय त्या पोरानेच घ्यायला हवा. चुकला तरी चालेल. शेवटी दार उघडं राहायला हवं, सगळं गोड झालंच पाहिजे असं नाही. एवढं सांभाळलं की मग त्या कादंबरीत मरण येऊ दे, घटस्फोट येऊ दे, युद्ध येऊ दे, पोरं पचवतात. ‘पोरकट’ म्हणणाऱ्याने एकदा असली कादंबरी नीट वाचावी. मोठ्यांच्या निम्म्या कादंबऱ्यांत नायक दोनशे पानं नुसता विचार करत बसतो, इथे तशी सोय नसते.

इथलंच उदाहरण देते. टोंके ड्राख्ट या डच लेखिकेची १९६२ची कादंबरी, ‘दे ब्रीफ फोर दे कोनिंग’, राजाला पोचवायचं पत्र. सरदारकीच्या आदल्या रात्री टिउरी नावाचा मुलगा देवळात जागरणाला बसलाय. बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी उठायचं नाही, हा नियम. आणि बाहेरून कुणीतरी मदत मागतं. तो दार उघडतो. बस्स, इथून पुढे चारशे पानं. नियम पाळायचा की माणसाला ओ द्यायची, हा प्रश्न दहा वर्षांच्या पोराइतका जीव तोडून कुणी सोडवत नाही. २००४ मध्ये या पुस्तकाला गेल्या पन्नास वर्षांतलं सर्वोत्तम म्हणून ‘ग्रिफल’चाही ग्रिफल दिला; ग्रिफल हा इथला बालपुस्तकांचा पुरस्कार. माझ्या लेकीला त्याच्याशी देणंघेणं नाही. ती म्हणाली, ‘मीपण उघडलं असतं, पण आधी विचारलं असतं कोण आहे.’

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. थोडं आवरतं घेऊन, पण लिहिलं. वर मराठी ‘बी’ फळी कशी लागेल तेही सांगितलं. सगळ्यांत आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला बनेश, काटकुळा, ‘ट्टॉक’ करून संकटात उडी घेणारा. वर जे जे सांगितलं ते त्याच्यात सगळं आहे, आणि भागवतांनी ते कुणी ‘वयोगट’ हा शब्द रुळवायच्या आधी केलं. मग दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, ज्याच्या खोड्यांमागे नेहमी कुणाची तरी बाजू घेतलेली असते. सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला. तिथे गोष्ट सांगणारा तोपशे आहे, हुशार माणसाच्या मागे मागे चालणारा. पोरांना तोच आपला वाटतो. चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत केलेली ‘तोत्तोचान’ मी आईबापांना मुद्दाम सांगते, कारण ती आईबापच जास्त वाचतात. मुलांच्या हाती उशिरा लागते. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, हे ग्रुपमधल्या एकालाही माहीत नव्हतं. लंपन मात्र मी त्या फळीवर ठेवणार नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन लहान आहे, पुस्तक लहान नाही. चौदा-पंधराला द्यावं. ‘श्यामची आई’बद्दल लिहिताना हात आखडला. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली. त्या पुस्तकात मोठा झालेला श्याम मागे वळून सांगतोय, आणि ते रडू मागे वळलेल्या माणसाचं आहे. मी तिशीत वाचताना जास्त रडले. दहाव्या वर्षी रडावंच लागेल म्हणून रडले होते.

दादाचं उत्तर तासाभरात आलं. आधी एक लिंक. २०२२च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत नेदरलँड्सच्या पंधरा वर्षांच्या मुलांना वाचनात ४५९ गुण, ती चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या देशगटाची सरासरी ४७६, आणि चार वर्षांपूर्वी याच देशाचे होते ४८५. ‘तुझ्या त्या भिंतभर पुस्तकांचं हे फळ का?’ मी लगेच लिहिलं की हे पंधरा वर्षांच्यांचं आहे, मी दहाच्यांबद्दल बोलतेय. ते खरंच आहे, पण मी ते ज्या घाईने टाईप केलं ती घाई मलाच कळली. इथल्या युफ, म्हणजे शाळेतल्या बाईसुद्धा पालकसभेत हेच सांगतात, की पोरं वाचत नाहीत, मोबाइल घ्या काढून. ते मी ग्रुपवर कशाला सांगू? इथली बातमी आपल्या बाजूने असली तर ती जागतिक, नाहीतर ‘संदर्भ वेगळा आहे’.

मग दुसरा मेसेज. ‘बरं, ते राहू दे. तुझी लेक मराठीत काय वाचते?’

मी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी फोन उलटा ठेवला.

माझी लेक ग्रुप सातमध्ये, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्यांच्या वर्गात आहे. डचमध्ये ती आव्ही प्लस, म्हणजे इथली वाचनाची सगळ्यांत वरची पातळी, कधीच ओलांडून गेली, आता तिला कुणी आव्ही विचारतही नाही. मराठीत ती रविवारच्या वर्गात जाते आणि जोडाक्षरापाशी अडते. ‘स्वप्न’ हा शब्द ती अजून ‘स्व-प-न’ असा तीन दमांत चढते. म्हणजे तिला वाचता येतं ते पुस्तक म्हणजे सिंह आणि उंदीर. ते दिलं की तिला अपमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. जे तिच्या डोक्याला हवंय ते तिच्या डोळ्यांना झेपत नाही. दादाच्या मुलाला निदान पुस्तक नाकारता येतं. माझीला तेवढंही येत नाही.

म्हणून रात्री मी वाचते. फास्टर फेणे मोठ्याने. ती पलंगावर पालथी, पाय वर. पहिल्या दिवशी मी फार रंगात येऊन सांगत होते, की हा मुलगा सायकल दामटत कुठे कुठे जातो, एकटा. तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘सायकलवरून गेला, मग त्यात काय?’ ती स्वतः रोज सायकलने शाळेत जाते, पावसात, दप्तर आणि जिमची पिशवी हँडलला लटकवून. यंदा ट्रॅफिकची परीक्षा आहे तिची. ज्या गोष्टीने माझा जीव वरखाली व्हायचा, ती तिच्यासाठी मंगळवार आहे.

तिला आवडलं ते वेगळंच. ‘फुरसुंगी’. हा शब्द ती दात घासताना म्हणत असते. ‘फुर-सुं-गी.’ त्यात तिला जोडाक्षर नाही ना, म्हणून भराभर येतो. ‘आपण गेलोय का तिथे?’ तिने विचारलं. मी म्हटलं, हो, पुण्याजवळच आहे, विमानतळावरून घरी जाताना... आणि थांबले. मी तिथे कधीच गेलेले नाही. बनेशचं गाव म्हणून ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की मी लेकीला ते आपलंच म्हणून दाखवत होते. मधे मधे ती मला थांबवते, एखाद्या वाक्याचा अर्थ डचमध्ये विचारते, आणि मी सांगते तेव्हा बनेश थोडा गोरा होतो. ‘अरे लेका’ला डचमध्ये काय म्हणणार? मी काहीच न म्हणता पुढे जाते.

टोंके ड्राख्ट बाटेव्हियात जन्मली, १९३० मध्ये. युद्धात जपान्यांच्या छावणीत होती. तिथेच मैत्रिणीबरोबर मिळेल त्या कागदावर तिने पहिली गोष्ट लिहिली. हॉलंडला आली ती युद्धानंतर, वाढत्या वयात. डच मुलांचं सगळ्यांत लाडकं पुस्तक लिहिणारी बाई डच आभाळाखाली वाढलेली नव्हती, हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘मग तिला इथलं कसं माहीत?’ मी म्हटलं, तिने बनवलं. टिउरीचं राज्य नकाशात कुठेच नाही. तेवढ्याने तिचं समाधान झालं. मला तो प्रश्न दोन दिवस पुरला.

पुढच्या महिन्यात तिचं बूकबेस्प्रेकिंग आहे. वर्गासमोर एक पुस्तक घेऊन उभं राहायचं, पंधरा मिनिटं. मी आडून आडून फेणे सुचवला. तिने ड्राख्ट घेतलं. मी काही बोलले नाही, मग संध्याकाळभर भांडी जोरात लावली.

रात्री फोन सरळ केला. दादाला लिहिलं, ‘मराठीत ती वाचत नाही, मी वाचते. डिसेंबरात तुमच्याकडचं कुणी येतंय ना इकडे? फास्टर फेणेचा अख्खा संच पाठवशील? माझ्याकडे तीनच आहेत.’

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

‘किती किलो चालतील?’

मी लिहिलं, पाच.

‘मग मृत्युंजय पण बसेल.’