लायटर, रिसीव्हर आणि सेक्रेटरी

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत काल नोटीस लागली: 'सभासदाच्या तारेमुळे लिफ्ट अडकते, तार स्वखर्चाने उतरवावी.' तार म्हणजे गच्चीवरची माझी रेडिओची अँटेना, डायपोल. त्याला जोडलाय सत्तरच्या दशकातला रेडिओ रिसीव्हर, जो फक्त ऐकतो! लिफ्टशी त्याचं काय वैर?

सगळं रविवारी सुरू झालं. सेक्रेटरीसाहेब दार ढकलून आत आले, तेव्हा मी उघड्या रिसीव्हरजवळ गॅसचा लायटर दाबत बसलो होतो.

"रेडिओ पेटवताय?"

"नॉइज ब्लँकर तपासतोय. रेडिओतली टकटक कापणारा भाग." त्यातला सुकलेला कपॅसिटर नुकताच बदलला होता. लायटरच्या ठिणगीची टक रेडिओत ऐकू येते. ब्लँकर धड असेल तर ती गायब होते. "टक आली की हा निमिषभर वाट बंद करतो. तीही हवं ते स्टेशन निवडणाऱ्या फिल्टरच्या आधी. फिल्टरमध्ये शिरली की टक लांबते, मग आवरत नाही."

"म्हणजे तक्रार आली की कान बंद? आमची कमिटीच की!" साहेब स्वतःवरच खूष. बसले, चहा सांगितला.

मग मलाही चेव आला. म्हटलं, १९७६ साली सोव्हिएत युनियनचं दुगा रडार सुरू झालं, सेकंदाला दहा वेळा टकटक, जगभर शॉर्टवेव्हवर. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी हैराण. तक्रारींचा पाऊस पडला, तरी रडार १९८९ पर्यंत चाललं.

"बघा!" साहेबांनी बशी खाली ठेवली. "दुर्लक्ष केलं की तेरा वर्षं निघतात."

लायटर हिसकावून त्यांनीच टकटक सुरू केली. ब्लँकर लावला, टका साफ गायब! मी उडालोच. पण ७ मेगाहर्ट्झवरची घरघर जशीच्या तशी. ती गेटवरच्या एलईडी माळेची. दिवाळी होऊन गेली तरी माळ माझ्या खिडकीखाली लुकलुकतेच आहे. तिच्या स्वस्त अ‍ॅडाप्टरचा आवाज अखंड. मधे फटच नाही, तर ब्लँकर बिचारा काय कापणार?

"तेवढी माळ संध्याकाळी तासभर बंद ठेवाल?"

"शोभा आहे हो ती सोसायटीची." उठता उठता त्यांची नजर खिडकीबाहेरच्या तारेवर गेली. "ही कुठे जाते?"

दुसऱ्या दिवशी नोटीस. मी गावी असतानाही लिफ्ट अडकलीच होती. देखभालीचा करार संपून गेलाय, त्याची नोटीस लावायला मात्र बोर्डावर जागा नाही.