एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: पोटरीला हात का लावला नाही

नमस्कार सर. रविवारी तुम्ही बेळगावात टिळकवाडीच्या आमच्या मसाज सेंटरवर आलात आणि रात्री एक स्टार देऊन लिहिलंत, की पोटरीला हात लावला नाही, वर डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं, नुसतं तेल चोळायचे ५०० घेतले, तालमीतली पोरं याहून बरं रगडतात आणि इथं पुरुषांना मसाज देत नाहीत, बायका नाही म्हणतात. तुमचं लिहिलेलं चार लोक वाचणार, म्हणून उत्तरही इथंच देते.

आधी पोटरीचं. पायाचं दुखणं तुम्ही स्वतःच इथं लिहिलंय, नाहीतर गिऱ्हाइकाच्या तब्येतीचा विषय मी चव्हाट्यावर आणला नसता. आत येताना जो फॉर्म भरून घेतो, त्यात कुठं सूज आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे त्यासाठीच विचारलेलं असतं. त्यावर काही नव्हतं, म्हणून आमच्याकडं काम करणाऱ्या मुलानं पाठ आणि खांदे घेतले. पायावरची चादर बाजूला केली तेव्हा त्याला दिसलं, की एकच पोटरी सुजलीय आणि दुसरीपेक्षा गरम लागतेय. विचारल्यावर तुम्ही म्हणालात, बंगळूरहून रात्रभर बसनं आलो. तिथंच त्यानं काम थांबवलं आणि मला बोलावलं.

बंगळूर-बेळगाव म्हणजे ५०० किलोमीटर. तासन्‌तास पाय न हलवता बसलं की काही जणांच्या पायात, आतल्या शिरेत रक्ताची गाठ धरते. ती चोळल्यानं सुटली तर वर सरकत फुप्फुसात जाऊन अडकते आणि जिवावर बेतू शकतं. तुम्हाला तेच झालंय असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं, आताही म्हणत नाही. साधा गोळा आला असेल, मुका मार असेल. पण ते आमच्या हाताला कळत नाही, डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केल्यावर डॉक्टरांना कळतं. अजून दाखवलं नसेल तर आजच दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट बघू नका. तुम्ही दुसरीकडे जाऊन ती पोटरी दाबून घेतली नसेल एवढीच माझी इच्छा आहे.

आता पैशाचं. तासाचा दर ९०० आहे, तुमच्याकडून अर्ध्या तासाचे ५०० घेतले, पावतीवर तसंच आहे. जीएसटी लावलेला नाही, कारण आमची उलाढाल २० लाखांच्या आतली आहे. बाहेरच्या बोर्डावर कानडी मोठं आणि मराठी बारीक आहे, कर्नाटकात बोर्डावर ६० टक्के कानडी हवं असा नियम आहे, त्याला आमचा इलाज नाही. दरपत्रक मात्र काउंटरवर मराठीतही लावलंय.

त्या ९०० मधले ३५० काम करणाऱ्याचे. बाकीत जागेचं भाडं, घाण्यावरचं तिळाचं तेल, गिऱ्हाईकागणिक धुवायच्या चादरी, गिझरमुळे फुगणारं हेस्कॉमचं लाइटबिल आणि महानगरपालिकेचं लायसन. बरं, दिवसभर हात चालवला की झाले पैसे, असंही नाही. एका माणसानं दिवसात चार, फार तर पाच पूर्ण मसाज करावेत. त्याच्यावर गेलं की आधी अंगठा जातो. अंगठ्याच्या मुळाशी एकदा दुखायला लागलं, की पुढं चहाचा कपसुद्धा नीट धरवत नाही. म्हणून नवीन आलेल्या पोरीला मी पहिल्यांदा टेबलाची उंची शिकवते. सरळ उभं राहून हात खाली सोडले, मूठ वळली, की बोटांची पेरं टेबलाला टेकली पाहिजेत. मग एक पाय पुढं, एक मागं, आणि जोर दंडातून काढायचा नाही, अंगाचा भार कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर टाकायचा. हे अंगात भिनायला वेळ लागतो. नुसतं तेल चोळायचं असतं तर मी स्वतःच दिवसाला दहा जण घेतले असते की.

सोमवार ते गुरुवार बऱ्याचदा एखाद-दुसरंच गिऱ्हाईक असतं. गणपतीत तर कुणी फिरकत नाही. भाताची रोपलावणी झाली की येळ्ळूरकडच्या बायका कंबर धरून येतात, आणि उद्यमबागेतले लेथवर उभं राहणारे वर्षभर खांदे घेऊन येतात. त्यांच्यावर घर चालतं.

तालमीतल्या पोरांबद्दल वाद नाही. बेळगावात राहून तालमीला नावं कोण ठेवणार? पण तिथं मेहनत झाल्यावर पैलवान पैलवानाला रगडतो, वीस-बावीस वर्षांचं तयार अंग असतं, आणि रगडणाऱ्याला त्यावर महिन्याचं भाडं भरायचं नसतं. तोच जोर साठीच्या माणसाच्या मानेवर चालत नाही.

शेवटचं, बायकांचं. आमच्याकडे बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे आणि तो बदलणार नाही. सेंटर काढायचं म्हटल्यावर किती घरमालकांनी काम ऐकूनच दार लावलं, ते मला माहीत आहे. आजही रात्री उशिरा फोन येतात, ‘लेडीज आहेत का’ म्हणून. ते आम्ही कट करतो. माझ्याकडच्या दोन्ही मुली खानापूर तालुक्यातून रोज ये-जा करतात, घरच्यांनी माझ्या शब्दावर पाठवलंय. त्यांच्यापेक्षा एक गिऱ्हाईक मला मोठं नाही.

स्टार तुमचा आहे, ठेवा. फक्त ‘पुरुषांना मसाज देत नाहीत’ ही ओळ तेवढी काढा, कारण तुमची पाठ पुरुषानंच केली. पुरुषांसाठी रोज सकाळी ९ ते २ आणि रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत वेळ मिळते, आधी फोन करावा लागतो. डॉक्टरांनी पाय ठीक आहे म्हणून लिहून दिलं तर तो कागद घेऊन या, राहिलेला अर्धा तास ४०० मध्ये करून देऊ.