बघितलंय, तरी पण बघून येतो

रविवारी वाडीला निघालेलो. वाडी म्हणजे नरसोबाची, कोल्हापुरात नुसतं वाडी म्हटलं की दुसरी कुठली नसते. गाडीत मी, बायको, मागं आई आणि सातवीतले चिरंजीव. तावडे हॉटेल गेलं, पंचगंगेचा पूल गेला, सांगली फाट्याला वळलो, आणि हातकणंगल्याच्या अलीकडं पोटात तो ओळखीचा गोळा आला. गॅसचा रेग्युलेटर बंद केलाय काय?

केलेला हो. म्हणजे निघताना बघितला, कुलूप लावायच्या आधी परत बघितला, आणि कुलूप चार वेळा ओढून झाल्यावर चष्मा राहिल्याचं नाटक करून तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा पण बघितला. पण तिसऱ्यांदा डोळे रेग्युलेटरवर आणि कान बाहेर बायको हॉर्न वाजवत्या तिकडं, मग ते बघणं धरायचं का नाही?

ऑफिसात माझं कामच हे, दुसऱ्यानं केलेलं परत बघायचं. तिथं बरंय, प्रत्येक बघण्याला वेगळा शब्द आहे. कागद खरा का खोटा ती पडताळणी, अर्जांची छाननी, अफवेची शहानिशा, आणि मतं परत मोजली तर फेरमोजणी. 'फेर' आला म्हणजे परत असं धरून चालावं तर तलाठ्याकडचा फेरफार आडवा येतो, तिथं परत काय बघत नाहीत, नावच बदलतात. आणि उलटतपासणी म्हणजे उलटं फिरून परत तपासणं असं मला कॉलेजपर्यंत वाटायचं. लग्न झाल्यावर कळलं ती काय असते ते.

नवीन पोरं सगळ्याला एकच शब्द वापरतात, रीचेक. भाचीला बारावीला फिजिक्सला मार्क कमी पडले तर मेव्हणा म्हणतोय रीचेकिंगला टाकू. आवं दाजी, रीचेकिंगला म्हणजे नेमकं कशाला? गुणपडताळणीत बेरीज बघतात, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय काय बघतात, बास. उत्तर परत वाचून मार्क द्यायचे असतील तर ते पुनर्मूल्यांकन, आणि त्याच्या आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत काढायला लागते. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तेच की, रीचेकिंग.

आमचे वडील गुळाच्या अडतीत दिवाणजी होते, त्यांचा शब्द एकच, ताळा. गुळाचे 23 रवे म्हणजे ढेपा, रवा 30 किलोचा, झाले 690 किलो. आता ताळा बघायचा. 23 चे आकडे मिळवून 5, 30 चे 3, पाच त्रिक पंधरा, एक आणि पाच 6. तिकडं 690 ची बेरीज पण 15, म्हणजे 6. जमला. मी दहावीत असताना सुट्टीत त्यांच्या हाताखाली बसलेलो, झोकात 960 लिहिलं, ताळा घेतला, 6 आला, आणि वही मिटली. संध्याकाळी वडलांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. म्हणाले, ताळा चुकला तर हिशोब चुकलाय हे नक्की, पण ताळा जमला म्हणून हिशोब बरोबर असतोयच असं नाही. तिथनं माझा कुठल्याच ताळ्यावरनं विश्वास उडाला तो उडालाच.

तसं जुलै-ऑगस्टात आख्खं कोल्हापूर माझ्यासारखंच वागतंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ. 2019 चा महापूर बघितल्यापासनं तर माणसं रात्री दोनला उठून बघतात, पण त्यांना कोण येडं म्हणत नाही, कारण तासाभरात पाणी खरंच चढतंय. रेग्युलेटर काय आपणहून उघडत नाही असं बायकोचं म्हणणं. (आपणहून उघडतात ते राधानगरीचे सात दरवाजे, पण ते धरणाला आहेत.)

उपाय पण तिनंच काढलेला, निघताना मोबाईलवर फोटो काढत जावा. काढतोय की. रेग्युलेटरचे 39 फोटो झालेत, म्हणजे आम्ही पण इशारा पातळीला. गाडी कडेला घेऊन मोबाईलवर आजचा फोटो उघडून बघितला, वेळ 7.42. जीव भांड्यात पडला, आणि मागनं आई म्हणाली, "मी थर्मासला पाणी तापवलो की रे, तू फोटो काढल्यावर."

"मग बंद केलीस?"

"केलो असणार. आजपर्यंत कधी ठेवलोय काय चालू?"

खातरजमा हा शब्द फारसीतनं आलाय. खातर म्हणजे मन आणि जमा म्हणजे गोळा, मन एका जागी गोळा होणं. आपण तो तपासणीला वापरतोय, पण मूळ शब्दात तपासणी कुठंच नाही, नुसती मनाची गोष्ट आहे. माझं अर्धं मन हातकणंगल्यात, अर्धं ओट्याखाली सिलेंडरजवळ. असलं मन घेऊन दत्तापुढं काय उभं राहायचं? गाडी फिरवली. बायको सांगली फाट्यापर्यंत एक शब्द बोलली नाही, पोरानं कानात हेडफोन घातले.

घरी येऊन बघतोय तर रेग्युलेटर बंद. टकटकीत बंद. आई म्हणाली, "सांगत होतो की मी!"

ऊन चढलेलं, सगळे वैतागलेले, बायको म्हणाली आलोयच तर घोट घोट चहा घेऊन निघू. घेतला. आल्याचा, झकास झालेला. मग कुलूप, ते चार वेळा ओढणं, आणि परत तावडे हॉटेल, परत पूल. ह्यावेळी मी मुद्दाम काय बोललो नाही, शीळ पण घातली थोडी. सांगली फाट्याला वळलो तशी बायको जरा सावरून बसली, बाहेर बघितली, पर्स उघडली, मिटली, आणि हळूच म्हणाली,

"अहो, चहा झाल्यावर गॅस कुणी बंद केला?"