मेकॉलेच्या नावावर खपवलेलं भाषण

शाळेची पुस्तकं बदलली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉले हा कंपनी सरकारातला इंग्रज अधिकारी म्हणे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलला : भारतभर हिंडलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर शिक्षण मोडा. पुढची पुस्ती अशी, की आजचा अभ्यासक्रम त्याचाच आणि त्याआधी गुरुकुलात सगळेच शिकत होते.

त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच, कलकत्त्यात होता. त्या तारखेचं जे आहे ते त्याचं सरकारी टिपण. त्यात भारताची स्तुती शोधूनही सापडत नाही. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी भारत-अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीची, असं तो लिहितो. चिडायला एवढं पुरे आहे की! खोटं भाषण कशाला हवं?

विषयांची यादी तर टिपणात नाहीच. १८१३ च्या कायद्याने शिक्षणासाठी ठेवलेले वर्षाचे लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, हा वाद होता. मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा त्यानंतरही मराठीसारख्या देशी भाषांत चालल्या. त्यांत काय शिकवावं हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला लिहून दिलं : मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. कुणब्याचं पोर वर्गात बसणार हे धरून केलेली ही यादी. अभ्यासक्रम कुणासाठी, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला, विषय नंतर मांडले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंतचा १०+२+३ आकृतिबंध (दहावी, बारावी, मग तीन वर्षांची पदवी) स्वतंत्र भारताच्या कोठारी शिक्षण आयोगाचा (१९६४-६६), बालभारती १९६७ ची. मुलांना न समजण्याचं ओझं दप्तरापेक्षा जड आहे, हे १९९३ मध्ये शाळकरी मुलांवरच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने सांगून झालं. तेव्हा जाब विचारायचा तो आपल्याच समित्यांना. मेकॉलेला शिव्या घालणं सोपं, तो उत्तर द्यायला येत नाही.

राहिलं गुरुकुल. इथे गावोगाव होत्या त्या पंतोजींच्या शाळा. धुळाक्षरं, मोडी, पावकी-निमकी यांत त्या पक्क्या होत्या, हे मान्यच. पण सगळेच शिकत होते, तर १८४८ नंतर पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण कशासाठी फेकलं गेलं?